जळक्या चादरीचा शनिवार

मी भट्टी बोलतेय. मांस धुरावर शिजवायची, दोन चाकांवर गाडीमागून फिरणारी, काळी आणि अंगानं जाड भट्टी. गोड बोलणं मला जमत नाही. ज्याला गोड ऐकायचं असेल त्यानं केकच्या दुकानात जावं.

माझा जन्म अमेरिकेतल्या ओक्लाहोमात, खनिज तेलाच्या विहिरींपाशी झाला. मी मुळात जमिनीत घालायचा नळ होते. कुठंतरी चीर गेली म्हणून मला बाजूला टाकलं होतं. रॉइस टॅकेट नावाच्या वेल्डरनं मला उचललं, आडवं कापलं, बिजागऱ्या लावून झाकण बसवलं, एका अंगाला लाकडं घालायचं दार केलं आणि दुसऱ्या अंगाला धुराडं उभं केलं. पहिला धूर निघाला तेव्हा त्यानं टोपी मागं सारली आणि बराच वेळ नुसता बघत बसला. कुणी आपल्याकडे असं बघितलं की जगायला बरं वाटतं.

रॉइसचे हात थरथरायला लागले तेव्हा मी त्याच्या मुलीकडे आले. नोरीन तिचं नाव. शाळेची बस चालवते. बसमध्ये मागच्या बाकावर भांडण लागलं तर आरशात न बघता, नुसत्या आवाजावर ती थांबवते. नवरा लवकर गेला. डॅरेल नावाचा एकुलता मुलगा तिनं एकटीनं वाढवला, आणि तो दारातून तिरका होऊन आत येण्याइतका वाढला.

आमचा दिवस म्हणजे शरद ऋतूतला शनिवार. कॉटनवुड स्टेट कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा सामना घरच्या मैदानावर असला की सकाळीच मला पिकअपला जोडायचं आणि स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये आमच्या ठरलेल्या कोपऱ्यात उभं करायचं. आदल्या संध्याकाळी पेकानच्या झाडाची लाकडं घालून मला पेटवलेलं असतं. बीफच्या छातीचा अख्खा तुकडा रात्रभर माझ्या पोटात असतो. दुपारी तो कापला की आजूबाजूला गाड्यांशेजारी तंबू ठोकून सामन्याआधीच्या पंगती मांडणारी माणसं काहीतरी मीठ-बीठ मागायच्या निमित्तानं येतात.

मी आजवर एकही सामना पाहिलेला नाही. भिंतीच्या बाहेरच असते ना. पण आतली गर्जना ऐकून मला सगळं कळतं. आपला गडी पळत सुटला तर आवाज चढत जातो. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन फेकणारा पोरगा, फेकायच्या आतच आपटला गेला तर साऱ्या स्टेडियमच्या पोटातून एक कण्हणं निघतं. गेल्या मोसमात मी ते कण्हणं इतकं ऐकलं की मलाच पोटात दुखायला लागलं.

आपटला जाणारा पोरगा म्हणजे ग्रॅडी बोलिन. पार पश्चिमेकडच्या गव्हाच्या मुलखातला. आईबाप लांब, वर्षातून एखाद्या सामन्याला यायचे. त्याच्या पुढं पाच धिप्पाड पोरांची फळी उभी असते. समोरच्यांना अडवायचं, ग्रॅडीला चेंडू टाकायला सवड द्यायची, एवढंच त्यांचं काम. ग्रॅडी उजव्या हातानं फेकतो, त्यामुळे फेकताना डावीकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. ती डावी बाजू सांभाळायचा आमचा डॅरेल.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की माझ्याभोवती काय चालायचं.

माझ्याकडे नेमानं येणारे तिघं. विम्याचं ऑफिस असलेला हार्लन बिगेलो, निवृत्त न्हावी ड्यूई आणि ड्यूईची बायको इमोजीन. तिघंही रॉइसच्या वेळेपासून माझं खात आलेले. कागदी ताटली हातात पडली की हार्लनचं सुरू व्हायचं.

"चेंडू धरून बसतो हो तो. फेकायचा सोडून अंडी उबवतोय काय?"

"पण त्याला सवड तर मिळायला हवी," ड्यूई एकदा म्हणाला. "मागच्या शनिवारी त्याच्या हातात चेंडू आला आणि चेंडूबरोबर दोन राक्षसही आले."

इमोजीननं त्याला कोपरानं ढोसलं. ड्यूईनं नोरीनकडे बघितलं, घास गिळला आणि म्हणाला, "नाही, म्हणजे, पाय जडच आहेत पोराचे. ते आहेच."

"पाय जड आणि डोकं हलकं," हार्लन म्हणाला.

खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हे. ज्या बाईच्या हातचं खातोय तिच्या मुलाला नावं कशी ठेवायची, म्हणून सगळं खापर ग्रॅडीच्या डोक्यावर. सुरुवातीला निव्वळ भिडेपोटी चालायचं. मग शेजारच्या तंबूतली माणसं येऊन माना डोलवायला लागली, आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत बोलणाऱ्यांनाच ते खरं वाटायला लागलं. माणसांची ही खोड मी जवळून पाहिली आहे. उगाच म्हटलेली गोष्ट चार वेळा म्हटली की ती त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते.

आणि नोरीन? ती मूग गिळून बसायची. तिघांचं बोलणं रंगात आलं की माझं झाकण उघडून आत बघत राहायची. मांस इतक्या वेळा बघावं लागत नाही. दर वेळी माझी धग जायची, पण मी तिला कधी बोलले नाही.

शेवटच्या घरच्या सामन्याआधीच्या रविवारी डॅरेल कपडे धुवायला घरी आला होता. नोरीन अंगणात माझी राख काढत होती. तो पायरीवर बसला.

"आई, ग्रॅडीच्या बरगड्या काळ्यानिळ्या झाल्यात. बुटाची नाडी बांधायला वाकता येत नाही त्याला."

नोरीन राख काढत राहिली.

"आणि सामना संपला की वर्तमानपत्रवाल्यांना सांगतो, चूक माझी. आम्ही पाचही जण शेजारी उभे असतो. एकाच्याही तोंडून शब्द फुटत नाही."

"मग तू का नाही बोलत?"

"बोललो तर कोच मला खेळवणार नाही, बाकावर बसवेल. शेवटचं वर्ष आहे माझं." तो थांबला. "तू तरी कुठं बोलतेस? इथं काय चालतं ते मला ठाऊक आहे. बाकीच्यांना मी जेवायला घेऊन येतो. त्याला कधी आणलंय का? कुठल्या तोंडानं आणू?"

नोरीनच्या हातातलं फावडं माझ्या पोटात तसंच राहिलं. मला तिची दया आली आणि रागही आला. माझ्या आजूबाजूला बसून लोक एका उपाशी पोराला सोलत होते, आणि त्यांना मी खाऊ घालत होते.

मग तो शनिवार आला.

हार्लन आला तो बायकोची डबलबेडची पांढरी चादर घेऊन. तिच्यावर लाल तैलरंगानं हातभर अक्षरं काढली होती, 'बोलिनला बाकावर बसवा'. रंग अजून ओला होता. त्यानं चादरीचं एक टोक पिकअपच्या आरशाला बांधलं आणि दुसरं माझ्या धुराड्याला. मला विचारलं नाही. भट्टीला कोण विचारतो म्हणा.

आमच्याकडे सामन्याच्या दोन तास आधी पोरं बसमधून पार्किंगच्या टोकाला उतरतात आणि सूट-टाय घालून, बँडच्या मागून, दोन्ही बाजूंच्या लोकांमधून चालत स्टेडियमात जातात. आया गालाला हात लावतात, म्हातारे पाठीवर थाप मारतात. ती वाट आमच्या कोपऱ्यावरूनच जाते. हार्लनला तेच हवं होतं.

"बसमधून उतरला की पहिली हीच दिसली पाहिजे त्याला," तो म्हणाला.

"जरा जास्तच होतंय का रे?" ड्यूईनं विचारलं.

"जास्त कसलं? त्या कुचकामी पोरापायी नोरीनच्या मुलाची मान खाली जातेय."

नोरीननं सुरी खाली ठेवली. "माझ्या मुलाचं नाव घेऊ नकोस, हार्लन."

"अगं, मी त्याचीच बाजू घेतोय."

"तेच नकोय मला." ती माझ्या धुराड्याची गाठ सोडायला लागली. "ग्रॅडी पडतो तो डॅरेलच्या बाजूनं पडतो. डावं दार सताड उघडं राहतं आणि तिथं माझा मुलगा उभा असतो. तुला ठाऊक आहे. ड्यूईला ठाऊक आहे. इमोजीन, तू तर पहिल्याच सामन्यात बघितलंस. माझं खाता म्हणून बोलत नाही, आणि मी गप्प बसते, कारण ऐकायला मला बरं वाटतं. लाज वाटते मला माझी."

हार्लनचा चेहरा चादरीवरच्या अक्षरांइतका लाल झाला.

"ज्याला काही म्हणायचंय त्यानं डॅरेलला म्हणा," नोरीन म्हणाली. "पण माझ्यासमोर म्हणा. मग म्हणणाऱ्याला वाढायचं की नाही ते मी बघेन."

"चादर सोड, नोरीन. माझ्या बायकोची आहे."

"मग तिच्या पलंगावर घाल."

दोघं दोन्हीकडून ओढायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यापलीकडून ढोल वाजले. पोरं निघाली होती. हार्लन उंच आहे. त्यानं ती नुसती हातात धरून उभं राहायचं म्हटलं असतं तरी ग्रॅडीला दिसली असती. नोरीननं एक हिसका दिला, चादर तिच्या हातात आली, आणि तिनं माझं लाकडाचं दार उघडलं.

"आत मांस आहे, नोरीन," ड्यूई हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे."

तिनं लोखंडी सळईनं चादर माझ्या तोंडात कोंबली.

रंगाचा धूर मांसाला लागला की त्याचं काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. रात्रभर मंद धग सांभाळून मी तो तुकडा लोण्यासारखा मऊ केला होता. माझी सारी अब्रू माझ्या धुरात आहे. निखारे विझत आलेले, वर ओलं कापड पडलेलं. मनात आणलं असतं तर गुदमरून गप्प बसले असते आणि चादर अर्धीमुर्धी बाहेर आली असती. नाही बसले. होती नव्हती ती धग एकवटून मी पेटले. असा काळा, घाणेरडा, डोळ्यांत जाणारा धूर मी जन्मात काढला नव्हता, आणि प्रत्येक लोट मी खुशीनं काढला.

बँड खोकत खोकत पुढं गेला. ग्रॅडी बोलिन आमच्यासमोर आला तेव्हा त्याला दिसलं ते एवढंच. हातात लोखंडी सळई घेतलेली एक बाई, एक काळी भट्टी आणि डोळे पुसणारी तीन माणसं. तो थांबला.

"मॅडम, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे, बाळा. मांस करपलं जरासं. तू चल."

मागून डॅरेल येत होता. माझ्या दाराच्या फटीत चादरीची एक कड अडकली होती, तिच्यावर लाल रंग होता. त्यानं ती पाहिली, मग आईकडे पाहिलं. नोरीननं नजर वळवली नाही.

सामना आम्ही हरलो. ते कण्हणं पुन्हा ऐकू आलं, पाठोपाठ ग्रॅडीच्या नावानं हुर्योही ऐकू आली. नोरीन आत गेलीच नव्हती. माझ्यापाशी बसून होती. डॅरेल यापुढं आपल्याशी बोलेल का, हे तिनं मला विचारलं नाही, पण तिच्या बसण्यावरून मला कळत होतं.

ते तिघं सामना बघून परत आले. मला वाटलं, खुर्च्या उचलायला आले असतील. मांस रॉकेलमध्ये बुडवल्यासारखा वास मारत होतं, म्हणजे थांबायला काही कारण नव्हतं. पण इमोजीननं थंड घेवड्याचं भांडं उघडलं, ड्यूईनं पाव कापला, आणि हार्लन माझ्याकडे पाठ करून बसला. पण बसला.

मग ओल्या केसांनी डॅरेल आला. त्याच्यामागं, एक हात बरगड्यांशी धरून, ग्रॅडी बोलिन.

"मिस्टर हार्लन, हा ग्रॅडी," डॅरेल म्हणाला. "आज तो पडला तो माझ्यामुळे पडला. सगळ्या मोसमात बहुतेक वेळा माझ्यामुळेच पडला. वर्तमानपत्रवाल्यांना आत्ता तेच सांगून आलोय. तुम्ही जे काय त्याला म्हणत होता ते आता मला म्हणा."

नोरीन उठून उभी राहिली. हार्लननं डॅरेलकडे पाहिलं, मग ग्रॅडीकडे. इतक्या जवळून त्यानं त्याला कधी पाहिलं नसावं. हनुवटीवर मुरूम असलेला पोरगा होता तो.

"जेवलात का रे?" हार्लननं शेवटी विचारलं.

"नाही, सर."

"इथं खाण्यासारखं काही नाही. या बाईनं माझी चादर शिजवून ठेवलीय."

ग्रॅडी हसला आणि लगेच बरगड्या दाबून वाकला. डॅरेलनं त्याला धरलं. हार्लननं उठून आपली खुर्ची पुढं केली. इमोजीननं घेवडा, पाव, कांदा, लोणच्याची काकडी असं सगळं एका ताटलीत घालून ग्रॅडीच्या मांडीवर ठेवलं, आणि दुसरी ताटली डॅरेलला दिली. नोरीननं मुलाच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं डोकं काढून घेतलं नाही. तेव्हा ती रडली.

पुढच्या सामन्यात कोचनं डॅरेलला खरंच बाकावर बसवलं. तो बसला, आणि ग्रॅडी पडला की उठून उभा राहायचा, असं ड्यूईनं मला सांगितलं. खरं तर सगळ्यांना सांगितलं, मी ऐकलं.

नोरीननं मला तारेच्या ब्रशनं घासलं, रिकामीच पेटवून लालबुंद केलं, पुन्हा घासलं. तरी दमट हवेत रंगाचा वास थोडा येतोच. शेजारच्या तंबूतले नाकं मुरडतात आणि नवी भट्टी घे म्हणून नोरीनला शहाणपण शिकवतात. मुरडू देत. ज्या धुराची मला लाज वाटायला हवी तो मी त्याआधीचे सगळे शनिवार काढला, गोड आणि खमंग, पाहुण्यांच्या मर्जीप्रमाणे. त्या धुराला कुणी नाकं मुरडली नाहीत.

मोसम पुन्हा सुरू होतोय. नवा क्वार्टरबॅक आहे म्हणे, नवी फळी आहे. माझ्याकडे या. पोटभर खा, भांडा, हवं त्याला नावं ठेवा. फक्त ज्याला नावं ठेवाल त्याच्यासाठी एक खुर्ची मोकळी ठेवा. तो इथं येऊन बसला तरी तेच बोलणार असाल, तर बोला. नाहीतर माझं दार मोठं आहे, आणि आता मला चादरी पचतात.