माझ्यावर बसून दिलेला शब्द

मी घोंगडी बोलतेय. आल्यागेल्याला 'या, बसा' म्हणणं हा माझा धर्म, पण आज तुम्हाला मी बसा म्हणणार नाही. रागावू नका. मी पसरलेली आहे, आणि माझ्यावरची जागा एका म्हातारीसाठी राखलेली आहे.

माझा जन्म कवठे महांकाळजवळच्या एका धनगरवस्तीवरचा. बिराप्पाच्या काळ्या मेंढरांची लोकर, जोतीराम विणकराचा माग आणि चिंचोक्याची खळ, एवढ्यातून मी झाले. नवी होते तेव्हा अशी टोचायचे की बिराप्पा म्हणायचा, "घोंगडं हाय का बाभळ?" पण पावसात त्याने मलाच डोक्यावर घेतलं आणि थंडीत मलाच पांघरलं. मेंढरांमागे तो रापत गेला, मी मऊ होत गेले.

त्या घरात मला एक मान होता. सोयरीक असो, बांधाचं भांडण असो, शब्द द्यायचा तर माझ्यावर बसून. देणारा-घेणारा चपला काढून समोरासमोर बसायचे, कपाळाला भंडारा लावायचे. शब्द पुरा झाला की पुन्हा दोघं माझ्यावरच बसून गूळ खायचे, तेव्हा कुठे तो फिटला असं धरायचे. गूळ खायला आलाच नाही असा माणूस बिराप्पाच्या हयातीत मी पाहिला नाही.

बिराप्पा गेला आणि मी त्याच्या लेकाकडे, पप्पूकडे आले. पप्पू कुपवाडला कारखान्यात लेथवर होता. पोरगा कष्टाळू, मनाने वाईट नाही. पण दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता मोबाइलवर कोट घातलेल्या माणसांची भाषणं बघायचा. 'नोकरी करून कुणी मोठं झालंय का? पहिला प्लॉट घ्या, मग प्लॉटच तुम्हाला पोसेल!' ते ऐकून भाकरी त्याच्या हातातच राहायची. खिशात दमडी नसताना त्याने कार्डं छापून घेतली. त्यावर 'पप्पू' शोभेना, म्हणून 'पी. बिराप्पा, गुंतवणूकदार'. बापाचं नाव तेवढं कामाला आलं.

इस्लामपूरचा पृथ्वीराज त्याचा दोस्त. घरचा ऊस, हातात पैसा. तो म्हणाला, "जमीन तू मिळवून दे गड्या, पैसा मी घालतो. प्लॉट पाडू. त्यातला कोपऱ्याचा एक तुझा."

आता जमीन कुठली? हायवेला लागून रंगुबाईचा खडकाळ माळ होता. रंगुबाई म्हणजे बिराप्पाची बहीण, पप्पूची आत्ती. अजून मेंढरं राखणारी. कैक एजंट तिच्या दारात चपला झिजवून गेले होते, पण ती बधत नव्हती. कारण माळाच्या कडेने मेंढरांची वाट होती, वस्तीवरून थेट तलावावर जाणारी. ती बंद झाली तर कळप हायवेवरून न्यावा लागणार, ट्रकांच्या तोंडातून.

कोट घातलेल्या माणसांनी शिकवलेलं काहीच तिथे चाललं नाही. मग पप्पूने मला पेटीतून काढलं.

आत्तीच्या अंगणात त्याने मला पसरलं, चपला काढल्या, भंडारा लावला. "आत्ती, वाट मोडायची न्हाई. ह्या घोंगड्यावर बसून सांगतो."

रंगुबाईने माझ्या काठावरून हात फिरवला. भावाच्या अंगावरची घोंगडी ती. डोळे पुसून म्हणाली, "तुज्या बाचं घोंगडं हाय रं. मग मला कागद कशाला दावतोस? कुठं अंगठा करू सांग." त्या दिवशी मला काय अभिमान वाटला होता! आता ते आठवलं की लोकरीचा धागान् धागा उसवून जावंसं वाटतं.

दिवाळी झाली, रंगुबाई कळप घेऊन पश्चिमेला चारणीला गेली. इकडे प्लॉट आखले गेले. मेंढरांची वाट नेमकी पप्पूच्या कोपऱ्याच्या प्लॉटातून जात होती. पृथ्वीराज काही लबाड माणूस नाही. त्याने सरळ सांगितलं, "वाट ठेवायची तर ठेव. पर मग तुज्या प्लॉटात बांधायला न्हाई, इकायलाबी काय उरत न्हाई. कागदावर वाट न्हाई. तुजं तू बघ."

पप्पू दोन दिवस कोपऱ्याच्या प्लॉटात येरझाऱ्या घालत होता. तिसऱ्या दिवशी तारेचं कुंपण झालं.

आणि माझं? माळावर उभारलेल्या पत्र्याच्या ऑफिसात गिऱ्हाइकांना काहीतरी गावरान दिसावं म्हणून पप्पूने मला भिंतीवर ताणलं आणि चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकले. लोकरीचा वास येतो म्हणून गाडीत मारायचं अत्तर माझ्यावर मारलं. मी बसायची वस्तू, शोभेची झाले. येणारी माणसं माझ्यापुढे उभी राहून फोटो काढायची.

वळवाचे ढग दिसू लागले आणि कळप परतले. त्या दिवशी सांगलीचं एक जोडपं प्लॉट बघायला आलं होतं. त्यांना कोपऱ्याचाच पसंत पडला. पप्पूचं पहिलं गिऱ्हाईक! त्याचा चेहरा नवरदेवासारखा झाला होता. तेवढ्यात बाहेर मेंढरांचा गलका उठला. कळप तारेपाशी येऊन अडला होता.

रंगुबाई आत आली. चपला दाराबाहेर काढूनच आली, वर मला बघून. "पप्या, तारंला दार कुठनं ठिवलंय रं? मेंढरं तानलीत."

सांगलीच्या पाहुण्याने विचारलं, "या कोण तुमच्या?"

पप्पूने तिच्या धुळीने माखलेल्या लुगड्याकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे. "कोण न्हाई ओ. फिरस्ती माणसं. पाण्याला जात्यात हितनं."

मी भिंतीवर होते. मला तोंड नाही, खाली पडायलाही येत नव्हतं, चारी कोपरे खिळलेले. माझ्यावर बसलेल्या माणसाने, माझ्यासमोर, माझ्या बिराप्पाच्या बहिणीला 'कोण न्हाई' म्हटलं. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

रंगुबाई तांडव करेल असं मला वाटलं. तिने नुसता माझ्या काठाला हात लावला, तो कपाळाला टेकवला. "व्हय, फिरस्तीच आमी," ती पाहुण्यांना म्हणाली. "वाट चुकली. बसा तुमी." भाच्याचा सौदा तिने मोडला नाही.

पाहुणे 'परवा येतो' म्हणून गेले. पप्पू दारात उभा राहिला. समोर हायवेवरून कळप चालला होता आणि ट्रक, कंटेनर भोंगे वाजवत होते. मेंढरं आणि ट्रक यांच्या मधल्या बाजूने रंगुबाई चालत होती, दोन्ही हात पसरून. एवढीशी म्हातारी, तिचे हात ते केवढे.

तो आत आला. त्याने खिळे ओढून उपटले, माझे कोपरे फाटले. मला छातीशी धरून तो जमिनीवर बसला. माझ्यावर बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पकड आणून आपल्या प्लॉटाची तार दोन्हीकडून तोडली. सांगलीच्या पाहुण्यांना फोन करून 'कोपऱ्याचा विकायचा नाही' सांगितलं. पृथ्वीराज कपाळाला हात लावून म्हणाला, "पयल्याच घासाला खडा! असली गुतवणूक बघितली न्हाई गड्या." खरंच, पप्पूच्या पहिल्या प्लॉटातून आता रोज मेंढरं जातात. तो मात्र परत लेथवर जातो.

मागच्या रविवारी त्याने मला आत्तीच्या अंगणात आणून पसरलं. गूळ ठेवला, भंडारा ठेवला, आणि बाजूला मातीत उभा राहिला. "आत्ती, वाट सोडली. बस की. गूळ खाऊ."

रंगुबाई आली. माझ्या फाटलेल्या कोपऱ्यांकडे तिने पाहिलं.

"वाट सोडलीस, लय बरं केलंस. मेंढरांचा शबुद फिटला," ती म्हणाली. "मी बसंन रं. पर एवढं सांग. त्या पावण्यानं इचारलं, तवा मी तुजी कोण हुते?"

पप्पूने मान वर केली नाही. तो वाकून माझा फाटका कोपरा सरळ करत राहिला. रंगुबाई वाट बघून म्हणाली, "सवडीनं सांग. मी कुठं जात न्हाई." आणि शेळी सोडायला गेली.

मी अजून तिथेच आहे, पसरलेली. मधे गूळ आहे, त्याला मुंग्या लागल्यात. चार कोपऱ्यांना चार भोकं आहेत, ती कुणी रफू करू नये असं मला वाटतं. पप्पू रोज संध्याकाळी येतो, माझ्याशेजारी मातीत बसतो आणि आत्ती दिसली की खाली बघतो. लेकरा, उत्तर एका शब्दाचं आहे रे. लहानपणी तू तोच शब्द ओरडत तिच्यामागे धावायचास.