गोड पाण्याचे फ्लॅट

बालाजीरावाचा फोन आला तेव्हा कामाक्षी खिडकीतली राख पुसत होती. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी पुन्हा काळी, चेन्नईजवळच्या एन्नोरला हे रोजचंच. समोर वीजकेंद्राची चिमणी, मागे खाडी, आणि मध्ये ही चार मजली इमारत. तांबरमच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून साठवलेलं सगळं कामाक्षीनं इथल्या दोन फ्लॅटमध्ये ओतलं होतं. एकाच्या भाड्यात घर चालेल, दुसऱ्याच्या भाड्यात औषधपाणी, असा हिशेब बालाजीरावानं करून दिला होता. गणिताच्या बाईला! आणि बाईनं तो तपासला नाही.

का नाही तपासला? मेला आपल्यातला म्हणून. लांबचा मावसभाऊ, तंजावरच्या मराठी बोलीत 'अक्का, अक्का' करणारा. परक्या दलालानं फ्लॅट दाखवला असता तर तिनं आधी नळ सोडून पाणी चाखलं असतं. पण आपल्या भाषेच्या माणसासमोर नळ सोडून बघायचा म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणायचं, आमच्या लोकांत असं कोण करतं? उलट गृहप्रवेशाला दूध उतू घालवायचं तर तो स्वतः पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन दोन जिने चढला, तेव्हा हिला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं.

नळाचं पाणी खारट, वर रॉकेलसारखा वास. पहिला भाडेकरू बंदरातला क्रेनवाला. बायकोच्या अंगावर पुरळ उठलं तसा गेला. दुसरा ॲडव्हान्ससुद्धा परत न मागता पळाला. तिसरा आलाच नाही. तांबरमच्या घराचं भाडं झेपेना, तेव्हा कामाक्षी चंबूगबाळं उचलून स्वतःच इथं राहायला आली. बालाजीरावाला जाब विचारला तर तो हसला. त्या हसण्यानं तिच्या पोटात जी आग लागली ती काही विझली नाही. देवापुढे दिवा लावताना ती रोज एकच मागायची, हा एकदा माझ्या तावडीत सापडू दे.

"अक्का," फोनवर तो लोण्यासारखा बोलत होता, "रविवारी एक जोडपं आणतो. विजयेंद्र आणि सहाना, आपल्यातलेच. श्रीपेरुंबुदूरला कारखान्यात आहेत दोघं. तुम्ही इथं सुखात आहात एवढंच सांगा. तुमचे दोन्ही फ्लॅट आधी त्यांच्या गळ्यात मारतो, मग माझे काढतो."

"तुझे?"

"वरचा मजला मीच घेऊन ठेवलाय. राहतं घर गहाण टाकलं, पण मातीमोलानं मिळाला हो. एकदा आपल्या लोकांची रीघ लागू दे."

कामाक्षीनं राख पुसायचं फडकं खाली ठेवलं. एक खोटं बोललं की तांबरम परत मिळणार होतं. ती शाळेजवळची गल्ली, स्वच्छ खिडकी, ओळखीचा भाजीवाला. तिला ते सगळं हवं होतं, अगदी जीव तुटून हवं होतं.

"सरि, आण त्यांना," ती म्हणाली.

रविवारी सहाना आली ती थेट पायाशी वाकली. "मावशी, तुमच्यासारखं मोठं माणूस इथं राहतं म्हटल्यावर आम्ही आणखी काय बघायचं?" पोरगी मनापासून बोलत होती. कामाक्षीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथं तिनं नळाचं पाणी उकळून कॉफीच्या फिल्टरमध्ये ओतलं.

पहिला टंबलर तिनं बालाजीरावाच्या हातात दिला. कॉफीत दुधाच्या गुठळ्या तरंगत होत्या. पण घरच्या बाईनं दिलेली कॉफी नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान, आणि समोर गिऱ्हाईक. त्यानं डोळे मिटून घोट घेतला.

"कशी झालीय, बालाजी?"

"फर्स्ट क्लास, अक्का."

"मग आणखी घे." तिनं टंबलर पुन्हा काठोकाठ भरला. "याच नळाची आहे. तूच घेऊन दिलेल्या घरातली. सहाना, तुम्ही दोघं थांबा गं, तुम्हाला विकतच्या पाण्याची करते."

सहानाचा पुढे आलेला हात तिथंच थांबला. बालाजीरावानं दुसरा टंबलर ओठांना लावला आणि तसाच मोरीकडे धावला. त्याच्या ओकाऱ्या ऐकत विजयेंद्र शांतपणे उठला, नळ सोडला, ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं. मग दोघांनी चांगली कॉफी घेतली, कामाक्षीला पुन्हा नमस्कार केला आणि गेले.

"डोकं फिरलंय का तुमचं?" तोंड पुसत बालाजीराव ओरडला. "तुमचेही फ्लॅट बुडाले आता. कुत्रं विचारणार नाही."

"माझे तू केव्हाच बुडवलेस. आज तुझे बुडाले."

तांबरम कायमचं गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिला बरं वाटत होतं.

पुढे बँकेनं बालाजीरावाचं घर घेतलं आणि तो बायकोला घेऊन वरच्या मजल्यावर राहायला आला. दुसऱ्याच दिवशी रिकामी घागर घेऊन तो खाली आला. दारातून कामाक्षीचे भरलेले कॅन दिसत होते.

"अक्का, थोडं पिण्याचं पाणी द्या. हिला ताप आहे."

कामाक्षीनं पेला भरला, कॅन उचलून त्याची घागर अर्धी भरावी असं क्षणभर तिच्या मनात आलंही. मग पेला तिनं स्वतःच्याच तोंडाला लावला आणि त्याच्या डोळ्यांत बघत सावकाश संपवला.

"कॅनवाला मंगळवारी येतो," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. त्या दुपारी ती दोन घास जास्तच जेवली.