अडकलेल्या माणसाला काय सांगायचं

जावयांना इंग्रजी शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हाच मी चिमीला म्हटलं होतं की दुसरं कोणीतरी बघा. चिमी माझी मुलगी.

"बाबा, जन्मभर छापखान्यात लोकांच्या चुका काढल्यात," ती म्हणाली. "आता घरच्या माणसाच्या काढायला काय जड जातंय?"

जड जात होतं ते हेच. छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो. चूक दिसली की पेन्सिलीने समासात खूण करायची आणि कागद पुढे सरकवायचा. चूक करणाऱ्याचं तोंड बघायची वेळ कधी आली नाही. इथे तो माणूस गुडघ्याला गुडघा लावून समोर बसणार होता. आणि तोही जावई.

जावई लिफ्टची दुरुस्ती करायचे. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वर चढून, लोंबकळून काम करणं जमेना. कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये एक खुर्ची रिकामी होती. लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन घ्यायचे आणि मदत पोचेपर्यंत त्यांनी काय करायचं ते सांगायचं. पण त्या इमारतींमध्ये दहा मुलखांची माणसं राहायची, सगळ्यांना कळेल अशी एक इंग्रजीच. तोंडी परीक्षेत पास झाले तर खुर्ची, नाहीतर घरी बसायचं.

शब्द त्यांना येत होते. घोडं अडत होतं शब्दांच्या जागेवर. आपण बोलताना आधी केव्हा, मग कुठे, मग कसं असं करत करत शेवटी क्रियापदावर येतो. इंग्रजी बरोबर उलट्या टोकाकडून निघते. ते आणि चिमी रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचे. मी कागदाच्या पट्ट्या कापून टेबलावर मांडल्या होत्या.

"आधी काय करायचं ते," मी पट्ट्यांकडे बघत म्हणालो. "मग कसं, मग कुठे, मग किती वेळ."

जावयांनी डोळे मिटले. "फॉर फ्यू मिनिट्स, डोअर फ्रॉम अवे, क्वाएटली, स्टँड."

"हं," मी म्हणालो.

"बरोबर?"

"जवळपास." मग मी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "चिमे, त्यांना म्हणावं, ते 'स्टँड' सगळ्यात आधी यायला हवं."

चिमी आत कांदा चिरत होती. तिने तिथूनच सांगितलं, "अहो, बाबा म्हणतायत, मस्त झालं. थोडं मागेपुढे आहे, एवढंच."

हे असं महिनाभर चाललं. एकदा त्यांनी विचारलं, "मामा, मग 'ऑलवेज' मात्र क्रियापदाच्या आधी कसा येतो? तोही 'कसं-केव्हा'तलाच ना?"

"तो तसाच येतो," मी म्हणालो.

"तसाच म्हणजे? आमच्याकडे एका बटणाला दोन मजले लावले तर लोक जीव घेतील."

मला उत्तर येत होतं, पण ते ओठांपर्यंत येईना. ते गेल्यावर मी पट्ट्या पुन्हा मांडायचो आणि रिकाम्या खुर्चीला तेच उत्तर छान समजावून सांगायचो. खुर्चीला सगळं कळत होतं. मला मात्र स्वतःचाच इतका राग यायचा की पट्ट्या चुरगळून टाकाव्याशा वाटायच्या.

परीक्षेच्या दिवशी ते दुपारीच थेट आमच्याकडे आले. चिमी आधीच येऊन बसली होती. त्यांनी चपला दारात भिरकावल्या.

"साहेब शेजारच्या खोलीतून अडकलेला माणूस होऊन बोलत होते," ते म्हणाले. "मी बोललो. तर म्हणतात, तुमच्या वाक्याचं शेपूट येईपर्यंत मी दाराला लाथ मारून खाली पडलो असतो. पुढच्या सोमवारी शेवटची संधी." मग ते माझ्याकडे वळले. "मामा, महिनाभर तुम्ही नुसतं 'हं' म्हणत होतात."

"मी चिमीला सांगत होतो," मी म्हणालो.

"ती तर म्हणायची, मस्त."

"मग काय म्हणायला हवं होतं?" चिमी उसळली. "बाबा म्हणतायत तुम्हाला ओ की ठो येत नाही, असं? मला तुमच्याच घरात राहायचंय. आणि बाबांना दुखवून माहेरीही यायची सोय राहणार नाही. दोघं समोरासमोर बसता आणि बोलायला मी. मी काय पोस्टमन आहे?"

मग तिने माझा फोन उचलून माझ्या हातात कोंबला.

"बाथरूममध्ये जा. कडी लावा. तुम्ही अडकलात. ह्यांना फोन करा."

"अगं, पण—"

"जा म्हणते ना."

मी गेलो. बादली आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम उभं राहता येत होतं. फोन लावला. दाराबाहेर घंटी वाजली आणि जावयांचा आवाज मला दोन्हीकडून ऐकू आला.

"कंट्रोल रूम. हॅलो."

"आय ॲम स्टक," मी हळूच म्हणालो.

"फॉर फ्यू मिनिट्स, डोअर फ्रॉम—"

"थांबा." माझा आवाज फरशांवर आपटून मलाच मोठा वाटला. "मी अडकलोय. मिनिटांचं मला काय कौतुक सांगता? मी उभा राहू, बसू की मरू, ते आधी सांगा."

मी जावयांना दरडावलं होतं. पण त्यांचं तोंड समोर नव्हतं आणि कडी आतून होती.

"स्टँड," ते म्हणाले.

"कसा?"

"क्वाएटली."

"कुठे?"

"अवे फ्रॉम द डोअर."

"किती वेळ?"

"फॉर अ फ्यू मिनिट्स."

पाठीला भिंतीची गार फरशी लागली तेव्हा कळलं की मी मागे सरकलोय.

"आता सगळं एका दमात," मी म्हणालो. "नाहीतर मी दार फोडतो."

रविवारपर्यंत हेच. मी रोज नवा माणूस व्हायचो, आणि एकाहून एक चिडका. 'ऑलवेज'चं उत्तरही मी कडीच्या आतूनच दिलं आणि ते त्यांना पटलं नाही, तेव्हा आणखी मोठ्याने दिलं. चिमी दार ठोठावत राहायची, "मला कपडे भिजवायचेत, तुमचं अडकणं आवरा." शेवटी जावईही वैतागले. "सर, यू आर शाउटिंग अननेसेसरिली इन द लिफ्ट." वाक्य इतकं सरळ आलं होतं की मला ओरडायला काही उरलंच नाही.

सोमवारी माझा फोन वाजला. जावयांचा होता. एरवी निरोप असला की तो चिमीमार्फत यायचा.

"मामा, चिमीला नंतर सांगतो. तुम्हालाच आधी. नेक्स्ट वीक फ्रॉम, हिअर, आय स्टार्ट."

खुर्ची मिळाली होती.

"चूक," मी म्हणालो.

"मामा, जरा हळू. साहेब शेजारी उभे आहेत."

"त्यांनाही ऐकू दे. पुन्हा म्हणा."