चालू मोटार

रेसच्या गाडीला मी विजेवरचा वॉटर पंप बसवला. पट्ट्यावरचा जुना पंप इंजिनाबरोबर थांबायचा. हा नंतरही पाणी फिरवून इंजिन गार करतो. आप्पांना वाटलं, पोरगी विहिरीवरच्यासारखी मोटार बंद करायला विसरली. त्यांनी वायरच उपटली! पाणी उकळून अंगणभर झालं. माझं डोकं फिरलं, मी त्यांना लय बोलले.

पुढच्या रविवारी गाडी घेऊन सांगलीला घरी पोचले, तेव्हा दिवस मावळायला आलेला. आमच्या जैन घरात त्यानंतर कुणी जेवत नाही, म्हणून आईनं घाईनं ताटं वाढली. मी जेवून बाहेर आले तर अंधार पडलेला, आणि आप्पा बॉनेटपाशी खुर्ची टाकून बसलेले.

"आप्पा, तुमचं ताट तसंच ऱ्हायलं की!"

"मोटार चालू होती," ते म्हणाले. "सोडून कसं उठायचं?"