वरणगावचा शिक्का

मित्रांनो, खुंटीवर लोंबणारी ही काळपट वस्तू बघून मला कांद्या-लसणाची पिशवी समजू नका. येणारे पाहुणे तसंच समजतात आणि माझं डोकं फिरतं. मी टपालाची थैली आहे. जळगावच्या पोस्टातली, अस्सल कातड्याची, दुहेरी शिवणीची. आता पट्टा तुटलाय आणि बक्कल गंजलंय, पण बोलायची हौस काही फिटलेली नाही. तेव्हा टेका इथे घडीभर.

देश स्वतंत्र झाला त्याच साली मला एका मोच्यानं शिवलं. शेवटचा टाका घातल्यावर त्यानं माझा पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि पोस्टातल्या शिपायाला सांगितलं, फाटली तर माझ्याकडे आणू नका, कारण ही फाटायची नाही. ते ऐकून मी जी फुगले, ती अजून उतरलेली नाही.

पहिली काही वर्षं मी तोताराम नानांच्या खांद्यावर काढली. मेहरूणची फेरी नानांची होती. मेहरूण म्हणजे जळगावला लागून असलेलं, तळ्याकाठचं गाव. कापसाची शेतं, केळीच्या बागा आणि जिकडे बघावं तिकडे पाटील. नाना कधी घाईत दिसले नाहीत आणि कधी उशिराही आले नाहीत. एकाच नावाची दोन-तीन माणसं असली तरी कार्ड बरोबर त्याच्याच घरात पडायचं. कसं काय जमतं हो नाना, असं कुणी विचारलं की ते तंबाखू मळत नुसते हसायचे. पुढे नाना पेन्शनीत निघाले, लेकाकडे धुळ्याला गेले आणि ती युक्तीही सोबत घेऊन गेले.

मग आला अभिमन. उंच, तरणाबांड, पायातली नवी वहाण करकर वाजवणारा. नाना बुटके, त्यामुळे माझा पट्टा आखूड. मी अभिमनच्या थेट बगलेत जाऊन बसायचे. त्याला बिचाऱ्याला पट्टा वाढवायचंसुद्धा सुचलं नव्हतं. नोकरी कच्ची होती. पोस्टमास्तरसाहेबांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं की मेहरूणचं टपाल वाटायचं, तिथली लाल पेटी उघडून पत्रं आणायची आणि दुपारी स्टेशनावर जाणारी बॅग बांधायच्या आत परत यायचं. आखाजीच्या सणापर्यंत हे नीट जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं तर रामराम.

अभिमनचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको सुनंदा, फैजपूरची. मेहरूणच्या अगदी टोकाला, तळ्याच्या बाजूला, त्यानं एक खोली भाड्यानं घेतली होती. नोकरी गेली असती तर खोली सोडून दोघांना परत गावाकडे दुसऱ्याच्या केळीच्या बागेत मजुरीला जावं लागलं असतं. सुनंदानं खोलीच्या दारात तुळस लावली होती आणि ती रोज सांगायची, ही चांगली रुजल्याशिवाय मी इथून हलायची नाही.

पण अभिमनचं काम म्हणजे नुसता गोंधळ. सकाळी टपाल मिळालं की तो ते जसंच्या तसं माझ्या पोटात कोंबायचा. मग वरच्या गल्लीत एक कार्ड, तिथून खालच्या गल्लीत एक, पुन्हा वर, पुन्हा खाली. एकाच पिंपळाखालून आम्ही इतक्या वेळा जायचो की तिथली कुत्री आमच्यावर भुंकायची थांबली. त्यात स्वभाव पडला भिडस्त. कुणी म्हटलं पत्र वाचून दाखव, की हा वाचणार. उत्तर लिहून दे, की हा ओसरीवर मांडी घालून बसणार. वर चहा. मी त्याच्या बगलेत चडफडत असायचे, ऊठ रे बाबा, ऊठ. आम्ही पोस्टात पोहोचायचो तेव्हा बॅग बांधून हातगाडी स्टेशनाकडे गेलेली असायची आणि मेहरूणची पत्रं एक दिवस मागे पडायची.

साहेबांनी एकदा समजावलं, दुसऱ्यांदा दरडावलं. मग अभिमननं एक शक्कल काढली. मेहरूणच्या तोंडाशीच पन्नालालशेठचं किराणा दुकान होतं. मीठ-तेलाला अख्खं गाव तिथं यायचं. अभिमननं सगळं टपाल शेठच्या गल्ल्याशेजारी ठेवलं आणि ज्याचं त्याला द्या म्हणून सांगितलं. शेठ भला माणूस, हो म्हणाला. आम्ही पेटी उघडून ऊन चढायच्या आत पोस्टात हजर. साहेब खूश, अभिमन त्याहून खूश. मला मात्र हे मुळीच आवडलं नव्हतं. अहो, घरोघर जायचं नाही तर मला शिवलं कशाला?

आणि नेमकी आखाजी जवळ आली. तुम्ही खानदेशाबाहेरचे असाल तर तुम्हाला सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि सासरी गेलेल्या पोरींना दिवाळीपेक्षाही हा सण मोठा. माहेरी जायचं, कडुनिंबाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची, आमरस-पुरणपोळी खायची आणि चार दिवस कुणाचं ऐकायचं नाही. पण असं उठून जाता येत नाही. माहेरून आधी कार्ड यायला हवं, की अमुक दिवशी भाऊ मुराळी म्हणून न्यायला येतोय, लेकीला पाठवा. कार्ड आलं नाही तर सासू पाठवत नाही, कारण व्याह्यांनी मानानं बोलावलं नाही असं होतं. म्हणून चैत्र सरता सरता माझं पोट या कार्डांनी तट्ट भरायचं. सगळ्या कार्डांवर नाव मात्र सासऱ्याचं. त्या काळी सुनेच्या नावानं कोण पत्र पाठवणार?

अशाच एका सकाळी आम्ही विहिरीजवळून चाललो होतो. घागरी भरणाऱ्या बायकांतून एक जण पुढे आली. ती बेबाबाई, धुरपदाबाईंची धाकटी सून, पहिल्याच आखाजीची वाट बघणारी. डोळे रडून लाल झाले होते. तिनं हळूच विचारलं, माझ्या माहेरचं काही आलं का? अभिमननं विचारलं, कुणाच्या नावावर येईल? सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, अशी रीत. ती पदराचं टोक पिळत उभी राहिली आणि शेवटी तिला काय ते सुचलं.

“भाऊ, मी वरणगावनी शे,” ती म्हणाली. “मनं माहेरनं कारड उनं का?”

अभिमन जागच्या जागी थांबला. वरणगाव! चार दिवसांपूर्वीच्या गठ्ठ्यात वरणगावचा गोल काळा शिक्का मारलेलं कार्ड त्यानं पाहिलं होतं. पत्ता होता कौतिक पाटील, मेहरूण. ते त्यानं शेठच्या दुकानात ठेवलं होतं. आता अडचण अशी, की मेहरूणात बेबाबाईचे सासरे धरून कौतिक पाटील तीन होते.

तेवढ्यात मागून धुरपदाबाई आल्या. बाई रागीट नव्हत्या, पण बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, बठ्ठ्यांच्या, अख्ख्या गावाच्या घरी कारडं आली, आमच्याच घरी का नाही? व्याह्यांनी बोलावलं नसेल तर पोरीला मी कशी पाठवू? आणि कार्ड येऊन तुमच्याकडे हरवलं असेल, तर मी जळगावला येऊन तुमच्या साहेबाला विचारणार आहे. झालं. म्हणजे तक्रार समोर उभी आणि नोकरी जायची वेळ.

अभिमन पळाला. मी त्याच्या बगलेत धाडधाड आपटत होते. दुकानात शेठनं कपाळाला हात लावला आणि सांगितलं, कौतिक म्हणून एक जण मीठ न्यायला आला होता, त्याला दिलं बुवा. कुठला कौतिक? तो, केळीच्या बागेतला, म्हातारा कौतिक आबा. हे आबा एकटेच राहायचे. ना लेक ना सून, आणि वाचताही येत नव्हतं. चैत्र सरतानाचं खानदेशचं ऊन कसं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. वाटेवरची धूळ पायाला चटके देत होती. नवी वहाण अंगठ्यापाशी तुटली, ती हातात घेऊन अभिमन तसाच पळत राहिला. कौतिक आबा केळीच्या सावलीत पडले होते. कारडाचं नाव काढताच त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आणि टोपीत घडी घालून ठेवलेलं कार्ड हातावर ठेवलं. सवडीनं कुणाकडून तरी वाचून घ्यायचं, असा त्यांचा बेत होता. घामानं शाई पसरली होती, पण शिक्का अजून काळाभोर होता.

कार्ड बेबाबाईच्या दारात पोहोचलं तेव्हा अभिमननं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. भाऊ सोमवारी येतो आहे, बेबीला पाठवावं, कैऱ्या उतरवून ठेवल्या आहेत. बेबाबाई आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. धुरपदाबाईंनी अभिमनला गूळ-पाणी दिलं आणि त्याच्या भाजलेल्या पायांकडे बघून साहेबांचा विषय काही काढला नाही. पण त्या दिवशी पेटी उघडायला उशीर झाला आणि बॅग पुन्हा निघून गेली. साहेबांनी विचारलं तेव्हा अभिमननं दुकानासकट सगळं खरं सांगून टाकलं. साहेबांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, आखाजीच्या आदल्या दिवशी सगळ्यात जास्त टपाल असतं, तो दिवस मी बघणार, आणि मग ठरवणार.

संध्याकाळी अभिमन खोलीत डोकं धरून बसला. पाटील तेच, नावं तीच, गल्ल्या तशाच, यातून वाट कशी काढायची? सुनंदा भाकरी थापत ऐकत होती.

ती म्हणाली, “तुम्ही नावाला काय धरून बसलात? विहिरीवर आम्हाला कुणी नावानं ओळखतं का? ती वरणगावची, ती सावद्याची, मी फैजपूरवाली. कार्डावरचा शिक्काच घर सांगतो की.”

मी खुंटीवर होते, तिथल्या तिथे हलले. अरे, हीच नानांची युक्ती! इतकी वर्षं त्यांच्या खांद्यावर राहूनही मला कळली नव्हती, आणि या पोरीनं ती तव्यावरची भाकरी न जळू देता सांगून टाकली.

दुसऱ्या दिवसापासून आमची चालच बदलली. अभिमन सकाळी विहिरीवरून जायचा आणि कुठल्या घरची सून कुठल्या गावची, हे विचारून घ्यायचा. बायका हसायच्या, चेष्टा करायच्या, आणि सांगायच्याही. कार्डं शिक्क्यावरून ओळखून तो पोस्टातच घरांच्या क्रमानं लावायला लागला. जाताना वरची गल्ली, येताना खालची, पिंपळाखालून एकदाच. पत्र वाचायला कुणी बसवू लागलं, तर परतताना नाहीतर संध्याकाळी येतो असं सांगायचा आणि खरंच जायचा. आणि हो, माझा पट्टा दोन भोकं वाढवला. मी त्याच्या कमरेशी आले, हात थेट कार्डांवर पडू लागला. सुनंदानं मला आतून-बाहेरून तेल चोळलं, तेव्हा मी इतकी गुळगुळीत झाले की कार्डं न अडकता निघायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी माझं बक्कल लागेना, इतकं टपाल. साहेब स्वतः पोस्टाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. आम्ही निघालो. विहिरीपाशी अभिमननं नुसती गावांची नावं पुकारली. सावदा! यावल! रावेर! घागरी तिथंच सोडून बायका घराकडे पळाल्या, आणि आम्ही पोहोचायच्या आत दारं उघडी. कार्ड सासऱ्याच्या हातात पडायचं, पण कुणाची हिंमत होती ते खिशात घालून विसरायची? सून दाराआडून बघत असायची ना! लाल पेटी उघडून आम्ही परत आलो तेव्हा बॅगेचं तोंडसुद्धा बांधलेलं नव्हतं.

साहेबांनी रिकाम्या झालेल्या मला हातात घेतलं, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, अर्धवट पत्त्यांची कार्डं परत का आली नाहीत?

“साहेब, नाव तीन घरांत आहे,” अभिमन म्हणाला, “पण वरणगावची सून एकाच घरात आहे.”

साहेब पोट धरून हसले. तोताराम नानाही त्यांना हे कधी बोलले नव्हते. नोकरी पक्की झाल्याचं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, आणि आतून पेढा आणवला.

पण मित्रांनो, मी पुरती रिकामी नव्हते. माझ्या आतल्या कप्प्यात एक कार्ड अजून होतं, आणि ते कुणाचं हे मला नि अभिमनला दोघांनाही ठाऊक होतं. फेरीतलं शेवटचं घर, तळ्याच्या बाजूचं. पण बॅग चुकू नये म्हणून तो सकाळी त्या दाराकडे वळलाच नव्हता. गावभर कार्डं वाटली गेली, आणि जिनं ही युक्ती सांगितली ती दिवसभर तुळशीपाशी वाट बघत राहिली. तिनं त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर आम्ही त्या दारात आलो. अभिमन आत गेला नाही. मला पुढे ओढून, पोस्टमननं उभं राहावं तसा उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात ओरडला, “फैजपूर!”

सुनंदा पिठाच्या हातांनीच धावत आली. नोकरीचं तिनं नंतर विचारलं, कार्ड आधी घेतलं. दुसऱ्या दिवशी भाऊ येऊन तिला घेऊन गेला, आणि अभिमननं चार दिवस स्वतःच्या हातची करपलेली भाकरी मोठ्या आनंदानं खाल्ली.

पुढेही बरीच वर्षं आम्ही मेहरूणात हिंडलो. मग माझा पट्टा तुटला, पोस्टात कापडाच्या नव्या थैल्या आल्या आणि मला अडगळीत टाकलं. तिथं उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. फार वाईट दिवस होते ते. सुनंदानं साहेबांकडून मला मागून आणलं, कोपरा शिवला आणि या खुंटीला टांगलं. दर आखाजीला ती मला तेल चोळते, आणि फैजपूरहून आलेलं कार्ड माझ्या पोटात ठेवते.

म्हणून सांगते, मित्रांनो, जुनी वस्तू दिसली तर तिला अडगळीत फेकू नका, थोडं तेलपाणी करा. आणि कधी कुणाचं पत्र तुमच्या हाती आलं, तर ते टोपीत ठेवू नका. दाराआड कुणीतरी उभं असतं. यंदाचं फैजपूरचं कार्ड अजून आलेलं नाही. सुनंदा सकाळपासून तीनदा दारात जाऊन आली आहे, आणि मी तोंड उघडं ठेवून बसले आहे.