डॉक्टर, दोन झाले

रोझमेरी सिस्टरना सत्तावीस वर्षांच्या नोकरीत डॉक्टर ओळखायची एक खूण सापडली होती. तोंडाकडे बघायचंच नाही, हातांकडे बघायचं. तोंड काय, डिग्रीबरोबर मिळालेलं असतं. हात मात्र खोटं बोलत नाहीत. वसई स्टेशनकडून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या तीस खाटांच्या हॉस्पिटलात असे कित्येक हात आले आणि गेले, आणि कॅज्युअल्टीच्या दाराशी सिस्टर आपल्या जागी राहिल्या.

ऋतिका आली तेव्हा त्यांनी मनातल्या मनात तिला 'पोरगी' म्हणून टाकलं. एकतीस वर्षांची, मनवेलपाड्यातून स्कूटरवर येणारी, आवाज इतका मऊ की पेशंटच्या नातेवाइकांना दोनदा विचारावं लागायचं. मूळ घर कोकणातलं. पहिल्याच आठवड्यात तिने सिस्टरना बाजूला घेतलं.

"सिस्टर, तुमच्या गावात डुकराचं मटण मिळतं ना?"

"मिळतं की. खायचंय?"

"नाही. मला श्वासनळ्या हव्यात. दर शनिवारी चार-पाच."

सिस्टरना वाटलं, पोरगी डोक्यावर पडलीय. पण सांगितलेलं काम न करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. गावातल्या मटणवाल्याने "आता हॉस्पिटलात हेच जेवन देतात काय?" म्हणून थट्टा केली ती वेगळीच. मग दर शनिवारी दुपारी औषधांच्या खोलीत वर्तमानपत्र पसरायचं आणि ऋतिका सगळ्यांना ती नळी दाखवायची. कंठमण्याच्या खाली नखाएवढी एक मऊ जागा असते. गळा सुजून बंद झाला आणि तोंडातून नळी जाईना, तर माणसाला वाचवायचं दार तेवढंच. तिथे चीर द्यायची, बोट घालायचं, नळी सरकवायची. मिनिटभराचं काम. "आमच्याकडे शनिवारी अंडंसुद्धा शिजत नाही," असं म्हणत ती मजेत कापायची. ज्युनियर नर्स संजनाला पहिल्या शनिवारी उलटी झाली, तिसऱ्या शनिवारी तिने स्वतः सुरी मागून घेतली.

कापायला शिकणं एक वेळ सोपं. अवघड होता तो तिचा नियम.

"तोंडातून नळी घालायचे प्रयत्न दोनच," तिने सांगितलं. "मोजायचे सिस्टरनी. दोन झाले की मोठ्याने म्हणायचं, डॉक्टर, दोन झाले. मी काय म्हणतेय त्याकडे लक्ष द्यायचं नाही."

"आम्ही सांगायचं? तुम्हाला?"

"हो, कारण तेव्हा मला कळणार नाही. माणूस घाबरला की त्याला समोरचं एवढंसंच दिसतं. आता जाईल, आता जाईल असं वाटत राहतं. वेळ कळत नाही, आवाज ऐकू येत नाही. हुशार माणसाचंही असंच होतं. हुशार माणसाचं जरा जास्तच होतं."

सिस्टर "बरं" म्हणाल्या. पण हा लहान तोंडी मोठा घास आपल्याच्याने गिळवणार नाही, हे त्यांना तेव्हाच कळून चुकलं होतं.

तो सोमवार होता, सकाळचे अकरा. एक रिक्षा कॅज्युअल्टीच्या पायरीला जवळजवळ धडकलीच. आत मिठागरांकडच्या गावातला गॉडफ्रे, पंचावन्नचा, भातशेतीवाला, दंडाने दणकट माणूस. पण त्याची हनुवटी कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. जबड्याखाली सगळं लाकडासारखं कडक सुजलेलं, जीभ वर उचललेली, तोंडातून लाळ गळतेय. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून तो एकेक श्वास ओढून घेत होता. सोबत त्याची बायको लिडिया, अंगावर अजून लग्नघरातली साडी.

"काल पोरीचं लगीन झालं, सिस्टर," ती धापा टाकत म्हणाली. "आठ दिस दाढ दुखतेय म्हनत व्हता. मी म्हटलं डाक्टरकडं चल. तर म्हनला, लगीन होऊ दे, मंग जाऊ. लवंग धरली, मिठाची पुरचुंडी शेकली. काल नाचला पन!"

दोघातिघांनी मायेने त्याला स्ट्रेचरवर आडवं करायला घेतलं. माणूस आजारी म्हटला की आपण त्याला पहिल्यांदा झोपवतो, ही आपली जुनी खोड. गॉडफ्रेचे डोळे पांढरे व्हायला लागले.

"झोपवू नका!" ऋतिका ओरडली. तिला एवढा आवाज आहे हे त्या दिवशी सगळ्यांना पहिल्यांदा कळलं. "बसवा त्याला. बसूनच श्वास येतोय त्याला."

बेडची पाठ उभी केली, नाकाशी ऑक्सिजन लावला. भूलतज्ज्ञ डॉक्टर जितेंद्रना फोन गेला. ते आचोळ्याजवळ ट्रॅफिकमध्ये अडकले होते, वीस-पंचवीस मिनिटं म्हणाले. गॉडफ्रेकडे तेवढी मिनिटं नव्हती. हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, आणि त्यालाही कळलं असावं, कारण त्याने ऋतिकाचं मनगट धरलं.

ती त्याच्यासमोर खाली बसली, त्याच्या डोळ्यांशी डोळे येतील अशी. "काका, मी इथेच आहे. आधी तोंडातून नळी घालून बघणार. नाही गेली तर मानेतून घालणार. दोन्हीची तयारी आहे. तुम्ही फक्त माझ्याकडे बघा." मग तिने पेन काढलं, त्याच्या मानेवर बोटांनी चाचपून ती मऊ जागा शोधली, तिथे उभी रेघ मारली आणि बधिर करायचं इंजेक्शन दिलं. अजून तोंडातला पहिला प्रयत्नही झाला नव्हता. सिस्टर चकित झाल्या. हरायची तयारी इतक्या शांतपणे आधीच करून ठेवणारा डॉक्टर त्यांनी पाहिला नव्हता.

"सिस्टर, सुरीचा ट्रे तुमच्या हातात. मोजणार ना?"

"मोजते, डॉक्टर."

घशात औषध फवारलं, श्वास चालू राहील एवढीच गुंगी दिली, आणि तिने घशातलं पडद्यावर दाखवणारं कॅमेऱ्याचं पातं तोंडात सरकवलं. दोन बोटं कशीबशी जातील एवढंच तोंड उघडत होतं. पडद्यावर नुसता लाल चिखल. तिने पातं बाहेर काढलं. "एक," सिस्टर म्हणाल्या. संजनाने मास्क लावला. ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याण्णववर रेंगाळला.

दुसऱ्यांदा पातं आत गेलं. आणि या वेळी पडद्यावर, सगळ्या सुजेच्या मागे, श्वासनळीच्या तोंडासारखं काळंसं भोक क्षणभर दिसलं.

"दिसतंय," ऋतिका म्हणाली. "दिसतंय, दिसतंय..."

हा शब्द रोझमेरी सिस्टरनी पूर्वी ऐकला होता. बावीस वर्षांपूर्वी, वसईला यायच्या आधी, मुंबईतल्या एका हॉस्पिटलात, गळ्यात गाठ असलेली एक बाई. मोठे डॉक्टर, नावाजलेले, असंच म्हणत होते. त्यांनी सहा वेळा प्रयत्न केले. सिस्टर ट्रे धरून उभ्या होत्या, मनात मोजत होत्या, तीन, चार, पाच. एक अक्षर बोलल्या नाहीत. नर्सने डॉक्टरला काय सांगायचं? बाई गेली. नंतर त्यांना कोणी बोल लावला नाही, कोणी काही विचारलंही नाही, आणि तेच त्यांना अजून सहन होत नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी. ब्याऐंशी. ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा सूर खाली खाली चालला होता. नळीचं टोक भोकाच्या काठाला लागून घसरत होतं.

"थोडंसंच राहिलंय..."

डॉक्टर, दोन झाले.

सिस्टरना वाटलं आपण म्हणालो. ओठ हलले होते, आवाज फुटला नव्हता. पुन्हा तेच. एकाहत्तर. गॉडफ्रेचे ओठ जांभळे, छाती नुसती आत ओढली जातेय. मग सगळी सत्तावीस वर्षं एकदम घशाशी आल्यासारखा त्यांचा आवाज फुटला, इतका मोठा की दाराबाहेर लिडिया दचकली.

"डॉक्टर! दोन झाले!"

आणि ऋतिकाचा हात थांबला.

नुसता थांबला नाही, तो सुटला. जे भोक समोर दिसत होतं, ज्याच्यासाठी ती जिवाचं रान करत होती, ते तिने जागच्या जागी सोडून दिलं. 'एक मिनिट' म्हणाली नाही, वळून बघितलं नाही. पातं बाजूला पडलं आणि रिकामा उजवा हात सिस्टरकडे आला, तळवा वर. सिस्टरनी त्यात सुरी ठेवली.

पुढचं सगळं शनिवारसारखंच झालं. रेघेवर उभी चीर. रक्त आलं, तिने पुसत बसण्यात वेळ घालवला नाही, बोटाने जागा शोधली. आडवं टोचलं. बोट आत. लवचिक दांडी आत, दांडीवरून नळी आत. आणि मग फस्सकन आवाज आला, रक्ताचे थेंब तिच्या चष्म्यावर उडाले, आणि गॉडफ्रेची छाती वर आली.

खोलीत कोणी हललं नाही. त्या छातीचं वर येणं आणि खाली जाणं सगळे असे बघत राहिले, जणू श्वास नावाची गोष्ट जगात आत्ताच, याच बेडवर सुरू झाली होती. एकसष्ट. चौसष्ट. ऐंशी. पंच्याण्णव. जांभळे ओठ गुलाबी होत गेले. संजना उघड उघड रडत होती. सिस्टरनी क्रुसाची खूण केली आणि तिला नळीला जोडलेली श्वासाची पिशवी हलकेच दाबत राहायला सांगितलं.

सिस्टरच्या अंगावर काटा आला होता, पण तो चिरीमुळे नव्हे. चिरणारे हात त्यांनी पुष्कळ पाहिले होते. ऐकणारा हात त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. देवळात गुडघे टेकल्यावर कधीतरी वाटतं तसं त्यांना वाटलं, आणि ते पोरीसारख्या पोरीकडे बघून वाटतंय याची जराही लाज वाटली नाही.

जितेंद्र डॉक्टर आले तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती. त्यांनी मान पाहिली, आकडा पाहिला. मग "चला, वर घेऊ या" एवढंच म्हणाले, आणि दाढेतून मानेत उतरलेला पू काढायला गॉडफ्रेला ऑपरेशन थिएटरकडे नेलं. जाताना त्याचा हात लिडियाने धरला, तर त्याने गुंगीतही तिची बोटं दाबली.

दुपारी सिस्टर ट्रे धुऊन आल्या तर ऋतिका टेबलाशी केसपेपर लिहीत बसली होती. तिने कागद त्यांच्याकडे सरकवला. 'दुसऱ्या प्रयत्नात मी वेळेवर थांबत नव्हते. सिस्टर रोझमेरी यांनी मोठ्याने सांगून थांबवले. त्यानंतर मानेतून नळी घातली.'

सिस्टरनी दोनदा वाचलं. "डॉक्टर, हे असं नका लिहू. 'थांबत नव्हते' काय? उद्या कोणी वाचलं तर तुमच्यावर शेकेल."

"शेकू दे. खरं आहे ना?"

"तुम्ही तर लगेच थांबलात."

"तुमचा आवाज आला म्हणून. मला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं, सिस्टर. यंत्रसुद्धा नाही."

सिस्टर खुर्चीवर बसल्या. डॉक्टरसमोर न विचारता बसायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"मी तीनदा म्हणाले," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन वेळा आवाजच निघाला नाही. आकडा ब्याऐंशीवर होता तेव्हाच सांगायला हवं होतं. एकाहत्तरपर्यंत गप्प राहिले. खरंच लिहायचं असेल तर माझंही लिहा."

ऋतिकाने त्यांच्याकडे पाहिलं. समजूत घातली नाही, 'असू दे हो' म्हणाली नाही. पेन उचललं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, जशीच्या तशी. मग कागद पुन्हा सरकवला आणि पेन त्यावर ठेवलं.

"इथे सही करा. माझ्या सहीच्या शेजारी."

डॉक्टरांच्या नोंदीत नर्सची सही नसते, हे दोघींनाही माहीत होतं. रोझमेरी सिस्टरनी सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.