पुतळाबाईंची संमती

दर मंगळवारी अकरा वाजता जुईनगरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये सहा माणसं गोल करून बसतात आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प राहतात. मराठी माणसांत हे सहसा घडत नाही. इथे घडतं, कारण सहाही जणांना वाचाघात झालाय. मेंदूच्या झटक्यात शब्द गेले. समज मात्र जागच्या जागी आहे. वाक्य अडलं तरी दुसऱ्यानं पुरं करायचं नाही, हा त्यांना बोलायला शिकवणाऱ्या सुचित्रा मॅडमचा एकमेव नियम.

त्या मंगळवारी करावे गावच्या पुतळाबाई चित्रातल्या कोयत्याचं नाव शोधत होत्या. "को... को..." शेजारी निवृत्त बँक मॅनेजर दिलीपराव. त्यांच्यापाशी आता 'अरे वा' एवढंच उरलं होतं, ते सढळ हातानं खर्चत होते.

तेवढ्यात पुतळाबाईंचा धाकटा भाऊ सिताराम आत आला. एका हातात नवं लुगडं, दुसऱ्यात कागद.

"मॅडम, सर्टिफिकेट पायजे. बहिनीचं डोकं शाबूत हाय, तिला सगलं समजतं, असं लिवून द्या."

पुतळाबाईंना नवल वाटलं. याच भावानं फेब्रुवारीत घरच्या हळदीला "खुली झाली ती, डोकं फिरलंय, पावन्यांसमोर नको" म्हणून त्यांना बोलावलं नव्हतं.

कागद हक्कसोडीचा होता. बापाची शेतं सरकारनं घेतली, बदल्यात भूखंड मिळाला. त्यातला वाटा बहिणीनं हसत सोडायचा आणि लुगडं घेऊन घरी जायचं, अशी चाल. न सोडणारीला माहेर नसतं.

"ताई, आंगठा देतेस ना?" लुगडं तिच्यासमोर टेबलावर ठेवत सिताराम गोड झाला.

"हां," पुतळाबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. मनात 'नाय' होतं. आयत्या वेळी तोंडातून उलटंच बाहेर पडतं, हा त्या दुखण्याचा खोडसाळपणा.

"झालं! आयकलंत ना, मॅडम?"

"इथे पहिलं उत्तर धरत नाहीत. थांबा."

"किती थांबू?"

"त्यांना लागेल तेवढं."

"हां... हां..." पुतळाबाईंनी डाव्या हातानं मांडीवर थाप मारली. गोलातलं कुणी हललं नाही. सितारामला मात्र ती शांतता सोसेना.

"मी सांगतो ना, तिला म्हनायचंय का..."

"अरे वा!" दिलीपराव असे कडाडले, की सिताराम गप्पच झाला.

"न... नाय," पुतळाबाईंच्या तोंडून निघालं.

आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, "नाय!" लुगडं त्यांनी टेबलावरून परत सरकवलं.

सुचित्रानं एक कोरा कागद ओढून लिहिलं: यांना सर्व समजते. संमती नाही. खाली सही केली. "घ्या तुमचं सर्टिफिकेट."

सितारामनं ते वाचलं आणि तो लालबुंद झाला. "मंग माहेराचं दार बंद तुला!"

तो वळला, तशी पुतळाबाईंनी त्याची बाही धरली आणि शब्द गोळा होईपर्यंत सोडली नाही. बहिणीचं वाक्य संपेपर्यंत उभं राहायची वेळ सितारामवर जन्मात पहिल्यांदाच आली होती.

"दार... माजं पन... हाय."